एक इमारत, अनेक जाळी

ज्या शाळांच्या जुन्या इमारतींत दोन वर्गांमध्ये केवळ लाकडी पार्टिशन असते, तिथल्या शिक्षकांना या लेखाचा विषय निम्मा तरी आधीच ठाऊक आहे. पलीकडे पाढे चालू असतील तर अलीकडे कविता शिकवता येत नाही. मग आपण काय करतो? पलीकडचे थांबेपर्यंत वाट पाहतो, किंवा आवाज चढवतो, किंवा पलीकडच्या बाईंशी वेळा ठरवून घेतो. अगदीच नाइलाज झाला तर मुख्याध्यापकांकडे जातो. बिनतारी संदेशवहनाच्या सव्वाशे वर्षांत माणसांनी नेमके हेच चार उपाय आलटून पालटून केले आहेत.

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या प्रयोगशाळेचे. आमची खोली एका चार मजली इमारतीत आहे. त्याच इमारतीत एक हिशेबनिसांची कचेरी, एक शिकवणीवर्ग, दोन-तीन छोट्या कंपन्या आणि एक दंतवैद्य आहेत. प्रत्येकाने आपापले वाय-फायचे यंत्र बसवलेले. एके दिवशी आमच्या उपकरणाकडून संगणकाकडे येणारे आकडे मधेमधे गळू लागले. दोन दिवस आम्ही उपकरणाला दोष दिला आणि तारा बदलून पाहिल्या. शेवटी एका विद्यार्थ्याने आपला मोबाइल काढून आसपासच्या जाळ्यांची यादी दाखवली. तेवीस नावे होती! आमच्या चार भिंतींच्या आत तेवीस परकी जाळी नांदत होती, आणि आमचेही इतर बावीस जणांच्या घरात नांदत असणार हे उघड होते.

भिंती असून असे का व्हावे? घरगुती वाय-फायचे यंत्र साधारण शंभर मिलिवॅट शक्तीने लहरी सोडते. दिव्याच्या बल्बच्या मानाने हे काहीच नाही. पण समोरचा ग्राही किती संवेदनशील असतो ते पाहा. त्याला शंभर अब्जांश वॅट, म्हणजे १०⁻¹¹ वॅट इतकी शक्ती मिळाली तरी तो संदेश वाचू शकतो. सोडलेल्या शक्तीचा हा एक हजार कोटींवा हिस्सा झाला. आता विटांच्या भिंतीने निम्म्याहून अधिक शक्ती खाल्ली, किंवा काँक्रीटच्या छताने अगदी शंभरातला एकच हिस्सा पुढे जाऊ दिला, तरी काय बिघडले? हजार कोटींच्या हिशेबात शंभर म्हणजे किरकोळ रक्कम. बाराएक सेंटिमीटर तरंगलांबीच्या या लहरींना आपली वीटबांधणी म्हणजे जाड पडदा. उजेड अडतो, पण आवाज येतो, तसे.

तेव्हा एका इमारतीत वेगवेगळी जाळी ठेवायची तर भिंतीचा भरवसा नाही. वेगळेपण दुसऱ्या कशात तरी शोधावे लागते. आणि इथेच एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, कारण इतिहासात तो वारंवार निसटलेला दिसतो. ‘वेगळे’ या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत. एक, तुमच्या बोलण्याने माझे बोलणे बुडू नये. दोन, माझे बोलणे तुम्हाला ऐकू जाऊ नये. पहिली गोष्ट साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही.

१८९९ साली मार्कोनीने न्यूयॉर्कजवळच्या समुद्रातील शिडाच्या बोटींच्या शर्यतीचे वर्णन बोटीवरून बिनतारी यंत्राने किनाऱ्यावर पाठवले. वृत्तपत्रांनी त्याचा जयजयकार केला. तो यशस्वी झाला याचे एक साधे कारण असे की त्या भागात तेव्हा तो एकटाच बोलत होता. १९०१ साली पुन्हा शर्यत झाली. या वेळी मार्कोनीची यंत्रे एका वृत्तसंस्थेसाठी, ली डी फॉरेस्टची दुसरीसाठी, आणि तिसऱ्या एका कंपनीचे यंत्र स्वतःच्या हिमतीवर, अशी तिन्ही एकाच वेळी चालू झाली. तेव्हाचे प्रक्षेपक म्हणजे ठिणगीची यंत्रे. ठिणगी पडली की बऱ्याच मोठ्या वारंवारता-पट्ट्यात खडखडाट होई. परिणाम असा की कोणाचेच धड काही पोहोचले नाही. सामाईक आकाशातली ही पहिली मोठी फजिती म्हणायला हरकत नाही.

खरे तर उपाय तोवर माहीत झाला होता. ऑलिव्हर लॉज याने १८९७ मध्ये आणि मार्कोनीने १९०० मध्ये अनुनादावर आधारलेल्या जुळणीची एकस्वे घेतली होती. मार्कोनीच्या एकस्वाचा क्रमांक ७७७७, आणि तो पुढे बराच गाजला. पाळणा त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला तरच झोका मोठा होतो. तसेच ग्राहीचे मंडल ठरावीक वारंवारतेला जुळवले तर तेवढीच लहर त्याला हलवते, बाकीच्या नाहीत. पण मार्कोनी एवढ्यावर थांबला नाही. जुळणीमुळे आपले संदेश दुसऱ्याला पकडताच येणार नाहीत, असेही तो सांगू लागला. पहिल्या अर्थावरून दुसऱ्या अर्थावर त्याने सरळ उडी मारली.

ही उडी त्याला महागात पडली. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. मार्कोनी दूर कॉर्नवॉलमधून संदेश पाठवणार, आणि श्रोत्यांसमोर तो उमटणार, असा बेत होता. ठरलेली वेळ होण्याआधीच यंत्र टकटकू लागले. मोर्स लिपीत ‘उंदीर’ या अर्थाचा शब्द पुन्हापुन्हा येत होता आणि त्यामागून मार्कोनीची टवाळी करणारी कडवी! ही करामत नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराची होती. हा गृहस्थ बिनतारीचाही चांगला जाणकार होता. जवळच एक साधा प्रक्षेपक लावून त्याने हे केले. फ्लेमिंग भयंकर संतापले आणि त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. मॅस्केलिनने जाहीरपणे जबाबदारी घेतली आणि आपण केवळ एक दावा तपासून पाहिला असे सांगितले. आमची सहानुभूती, खरे सांगायचे तर, जादूगाराकडे आहे. प्रयोगाने दावा तपासण्यात गैर काय?

यानंतरची साठ-सत्तर वर्षे आपण भरभर ओलांडू, कारण त्या काळात उपाय एकच होता: मुख्याध्यापक. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर देशोदेशींच्या सरकारांनी लहरींचा ताबा घेतला. प्रत्येकाला वारंवारता वाटून दिली गेली आणि परवान्याशिवाय बोलणे गुन्हा ठरला. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसते बाळगायलासुद्धा परवाना लागे. घरात रेडिओ असला की पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा, हे आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. ऐकायलाही परवाना! ही पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. तो कायदा मात्र पुढेही राहिला, आणि २०२३ साली संसदेने त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला.

मुख्याध्यापकांशिवायही वर्ग चालू शकतो, हे दाखवून दिले हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि त्याची महाविद्यालये इतर बेटांवर विखुरलेली होती. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकांनी (सर्फिंगच्या आवडीने ते हवाईकडे ओढले गेले असे सांगतात) १९७१ च्या जून महिन्यात ‘अलोहानेट’ सुरू केले. सर्व दूरस्थ यंत्रांना संगणकाकडे बोलण्यासाठी मिळून एकच वारंवारता दिलेली होती. पाळी ठरवणारा कोणीही नव्हता. नियम इतकाच, की सांगायचे असेल ते छोट्या पुडक्यात बांधा आणि वाटेल तेव्हा पाठवा. पोच आली तर उत्तम. नाही आली तर दुसऱ्या कोणाच्या पुडक्याशी टक्कर झाली असे समजा, मनाला येईल तितका वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा.

‘मनाला येईल तितका’ हेच या योजनेचे मर्म आहे. टक्कर झालेले दोघेही ठरावीक वेळ थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील. दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसे एकदम बाजूला होतात, पुन्हा एकदम पुढे सरसावतात, तसे. यदृच्छेने थांबले तर कोंडी सुटते.

हे वर्गात करून पाहता येते. दहा मुलांना डोळे मिटून गोलात बसवा. प्रत्येकाने पाच मिनिटांत ठरावीक वेळा टाळी वाजवायची, पण केव्हा ते ज्याचे त्याने ठरवायचे. दोन टाळ्या एका सेकंदाच्या आत आल्या तर दोन्ही बाद. आधी प्रत्येकी पाच टाळ्या, मग दहा, मग तीस असे वाढवत जा आणि दर वेळी किती टाळ्या शाबूत राहिल्या ते फळ्यावर मांडा. टाळ्या वाढतील तसे यश आधी वाढेल आणि मग घसरू लागेल. अब्रॅमसन यांच्या गणितानुसार या पद्धतीत उपलब्ध वेळेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच सत्कारणी लागतो. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना हा आकडा १ ÷ २e असा काढून दाखवता येईल. एक पुडके पाठवायला लागणारा वेळ एकक धरा. आपल्या आधीच्या एका एककात आणि नंतरच्या एका एककात दुसरे कोणीही सुरू झालेले नसावे, एवढीच अट आहे. दर एककात सरासरी G पुडकी निघत असतील तर तसे होण्याची संभाव्यता e⁻²ᴳ येते. उरलेले काम G × e⁻²ᴳ चे महत्तम मूल्य शोधण्याचे.

अठरा टक्के म्हणजे ब्याऐंशी टक्के वाया. सरकारी नियोजकाच्या नजरेतून हा घोर अपव्यय. पण त्या बदल्यात मिळाले काय, तर कोणाचीही परवानगी न घेता नवा सोबती जाळ्यात येऊ शकतो ही मुभा. पुढे ‘बोलण्याआधी ऐका’ हा नियम जोडल्यावर वाया जाणारा भाग बराच घटला. क्लाइनरॉक आणि तोबागी यांनी १९७५ मध्ये त्याचे गणित मांडले आणि त्यातील खोचही दाखवली. दोन टोकांच्या खोल्यांतील यंत्रांना एकमेकांचे ऐकू येत नाही, पण मधल्या खोलीला दोघांचेही ऐकू येते. दोन्ही टोके शांतता आहे असे समजून बोलतात आणि मधल्याच्या कानात गोंधळ होतो. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनिसांची गत नेमकी हीच होती.

आता हे सारे करायला जागा कुठली? सगळ्या वारंवारता तर वाटून झालेल्या. एक पट्टा मात्र कोणाला नको होता. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील तापवणाऱ्या यंत्रांसाठी सोडलेला होता. मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यातच चालतात. (पाण्याचे रेणू याच वारंवारतेला अनुनाद देतात म्हणून ती निवडली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते चूक आहे. पाणी त्याच्या बरेच खाली आणि बरेच वरही तापते.) भट्ट्यांच्या खडखडाटात संदेशवहन कोण करणार, म्हणून तो पट्टा टाकाऊ समजला जाई. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने, त्यातले एक अभियंते मायकेल मार्कस यांच्या पाठपुराव्यामुळे, असे टाकाऊ पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. शक्ती मर्यादित ठेवायची आणि संदेश पट्टाभर पातळ पसरून पाठवायचा, एवढीच अट होती. नव्याने येणाऱ्याला संरक्षण काहीच नाही. भट्टीने त्रास दिला तर तक्रार करायची सोय नाही.

या टाकाऊ जमिनीवर नेदरलँड्समधल्या एनसीआर कंपनीच्या अभियंत्यांनी दुकानांतले गल्ले बिनतारी जोडण्याचे काम सुरू केले. त्यांच्यातले व्हिक्टर हेस १९९० पासून दहा वर्षे आयईईई संस्थेच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये पहिले मानक आले आणि १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिटचे. त्याच वर्षी ‘वाय-फाय’ हे बाजारी नाव ठरले. त्याचे म्हणून जे लांबलचक पूर्ण रूप सांगितले जाते ते मागाहून चिकटवलेले आहे. परीक्षेत विचारू नये. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

या मानकात एका इमारतीतील अनेक जाळ्यांसाठी दोन सोयी होत्या. पहिली वाहिन्यांची. पट्ट्यात पाच-पाच मेगाहर्ट्झवर तेरा वाहिन्या आखल्या, पण प्रत्येक संदेश वीस-बावीस मेगाहर्ट्झ रुंद! म्हणून एकमेकींना न चिकटणाऱ्या तीनच उरतात: १, ६ आणि ११. ज्यांनी नकाशा रंगवण्याचा चार रंगांचा सिद्धान्त ऐकला आहे त्यांना पुढची अडचण लगेच दिसेल. कागदावरच्या कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, पण इथे रंग तीनच, आणि इमारत काही कागद नाही. तिला मजले आहेत. त्रिमितीत एकमेकांना भिडणाऱ्या भागांसाठी किती रंग पुरतील याला मर्यादाच उरत नाही. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याने पुढे बरीच सुटका केली, कारण तिथे वाहिन्या अधिक आणि भिंतींकडून अडवणूकही थोडी अधिक.

दुसरी सोय नावाची आणि किल्लीची. प्रत्येक जाळ्याला नाव असते आणि संदेश किल्लीने कुलूपबंद करता येतो. मॅस्केलिनचा धडा इथे अभ्यासक्रमात होता म्हणायचे, पण पहिले कुलूप फारच तकलादू निघाले. ‘वेप’ नावाच्या त्या योजनेत प्रत्येक पुडक्याबरोबर एक २४ बिटांचा बदलता आकडा जोडला जाई. असे आकडे सुमारे १ कोटी ६८ लाख. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण वर्गातल्या तेवीस मुलांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे आठवा. त्याच न्यायाने आकडे यदृच्छेने निवडले तर पाचएक हजार पुडक्यांतच एखादा आकडा पुन्हा येतो, आणि पुनरावृत्ती म्हणजे कुलूप फोडणाऱ्याला फट. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी याहूनही खोल दोष दाखवला. २००४ साली नवे, भक्कम मानक आले. तरीही जुनी कुलपे लटकतच राहिली. अमेरिकेतील एका दुकानसाखळीच्या अशाच जाळ्यातून शिरलेल्या चोरांनी साडेचार कोटींहून अधिक बँक-कार्डांचे क्रमांक नेले, हे २००७ मध्ये उघड झाले.

इथवर सगळा तंत्राचा भाग झाला. पण इमारतीला मालकही असतो. त्याच्या भिंतींच्या आतल्या लहरी कोणाच्या?

हा प्रश्न बॉस्टनच्या लोगन विमानतळावर रीतसर उभा राहिला. तिथे तेव्हाच्या कॉन्टिनेंटल विमानकंपनीने २००४ मध्ये भाड्याने घेतलेल्या आपल्या प्रतीक्षाकक्षात प्रवाशांसाठी मोफत वाय-फाय सुरू केले. विमानतळाच्या प्राधिकरणाचे स्वतःचे जाळे होते आणि त्याला दिवसाला ७.९५ डॉलर पडत. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला आपले यंत्र काढायला सांगितले. कारण दिले ते सुरक्षेचे: पोलिसांच्या आणि सुरक्षायंत्रणांच्या बिनतारी संदेशांत व्यत्यय येऊ शकतो. हवे तर आमच्या जाळ्यातून सेवा घ्या, असे सुचवले. कंपनी दळणवळण आयोगाकडे गेली.

प्राधिकरणाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. एका छपराखाली पन्नास भाडेकरूंनी पन्नास यंत्रे लावली तर तीन रंगांत भागणार नाही, हे आपण वर पाहिलेच. एकाच व्यवस्थापकाने सगळीकडे नीट आखणी केली तर लहरींचा वापर काटकसरीने होतो यात शंका नाही. अडचण अशी की तोच व्यवस्थापक त्यासाठी पैसेही आकारत होता. १ नोव्हेंबर २००६ रोजी आयोगाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भाडेकरूला आपल्या ताब्यातील जागेत अँटेना लावू देणारा नियम मुळात उपग्रह-दूरदर्शनच्या थाळ्यांसाठी केलेला होता आणि नंतर तो बिनतारी माहितीसेवेला लागू केला होता. तोच इथे लावला गेला. भिंत मालकाची असेल, लहरी नव्हेत.

पुढे काही वर्षांनी नॅशव्हिलमधल्या मॅरियट समूहाच्या एका हॉटेलात याचा दुसरा अंक झाला. पाहुणे आपल्या मोबाइलवरून स्वतःचे छोटे जाळे उभारत, आणि हॉटेलची यंत्रणा त्या जाळ्यांच्या नावाने ‘जोडणी तोडा’ असे खोटे आदेश सोडून ती पाडत असे. परिषदांना आलेल्यांकडून मात्र जोडणीसाठी शेकडो डॉलर घेतले जात. हे शक्य होत होते कारण मूळ मानकात अशा व्यवस्थापकीय आदेशांवर सहीच नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने ओरडू शके. २००९ च्या सुधारणेने सहीची सोय केली, पण ती सगळीकडे वापरात नव्हती. २०१४ मध्ये कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले. एकशे अकरा वर्षांनी मॅस्केलिनची युक्ती पुन्हा वापरली गेली, आणि या वेळी आमची सहानुभूती मुळीच नाही.

आमच्या इमारतीत मात्र कोणी आयोगाकडे गेले नाही. एका शनिवारी आम्ही सगळ्यांना चहाला बोलावले आणि तेवीस नावांची यादी समोर ठेवली. तेव्हा असे निघाले की यंत्रे नऊच होती. एकेक यंत्र दोन-तीन नावांनी बोलत होते: एक कर्मचाऱ्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी, एक कॅमेऱ्यांसाठी. एकाच यंत्रातून, एकाच तारेवरून, पुडक्यांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून जाळी अलग ठेवण्याची ही सोय १९९८ पासूनच्या एका मानकामुळे मिळते आणि ती चांगली आहे. पण प्रत्येक नावाची हाळी सेकंदाला सुमारे दहा वेळा द्यावी लागते. हाळी तीनशे बाइटची, म्हणजे २४०० बिटांची, आणि जुन्या यंत्रांना कळावी म्हणून सेकंदाला एक मेगाबिट या मंद गतीने दिलेली असेल, तर ती जवळजवळ अडीच मिलिसेकंद चालते. दहा हाळ्यांचे पंचवीस मिलिसेकंद, म्हणजे अडीच टक्के वेळ. एका वाहिनीवर अशी बारा नावे असली तर एक अक्षरही कामाचे न बोलता तीस टक्के वेळ नुसत्या नावे पुकारण्यात जातो.

नको असलेली नावे काढली आणि मंद गती बंद केली. शिकवणीवर्ग आणि दोन कंपन्या पाच गिगाहर्ट्झवर गेल्या. उरलेल्यांना १, ६, ११ अशा वाहिन्या मजल्यांनुसार तिरप्या वाटल्या आणि तो तक्ता जिन्याखालच्या मीटरच्या फळीजवळ चिकटवला. दंतवैद्य सोडून सगळ्यांनी तो पाळला. ते पुढच्या महिन्यात जुळले.

आकडे गळायचे थांबले, एक वेळ सोडून. दुपारी एक ते दीड या काळात अजूनही काही गळतात, कारण तळमजल्यावर डबे गरम करण्याची भट्टी लागते. ती चालते आमच्याच पट्ट्यात, आणि पट्टा मुळात तिचाच. पण विजेच्या दर आवर्तनाच्या वीस मिलिसेकंदांपैकी साधारण निम्मा वेळ भट्टीतला मॅग्नेट्रॉन गप्प असतो. आमच्या विद्यार्थ्याने पुडकी लहान केली आहेत. त्या दहा मिलिसेकंदांच्या फटीत त्यांतली बहुतेक निघून जातात.